राखण कोणापासून?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका गावात राहते. माझे वय ४३ आहे. घरची चार एकर केळी आहे आणि गावातील महिला बचत गटाची मी सहा वर्षांपासून सचिव आहे. गटातील अकरा जणींची आधार कार्डे, पासबुकांची पहिली पाने आणि कर्जाच्या अर्जांचे फोटो माझ्याच मोबाईलमध्ये आहेत, कारण बँकेत काहीही लागले की सगळ्या मलाच फोन करतात. गेल्या महिन्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीच्या नंबरवरून ‘पीएम किसान’ची म्हणून एक फाईल आली. दोघींनी ती उघडली आणि त्यांच्यातल्या एकीच्या खात्यातून रातोरात साडेअठरा हजार रुपये गेले. जिच्या नंबरवरून फाईल आली, ती म्हणते की मी काही पाठवलेच नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. पुण्याला नोकरी करणारा भाचा म्हणतो, मावशी, आयफोन घे, ती कंपनी सगळे सांभाळते. माझे दीर म्हणतात, सगळ्या कंपन्या एका माळेचे मणी आहेत, फोन आपले बोलणे ऐकतो आणि कुंपणच शेत खाते तिथे तक्रार कोणाकडे करायची. माझा फोन चार वर्षांपूर्वी साडेनऊ हजारांना घेतलेला आहे. त्यात काहीही नवीन सुरू केले की ‘तुमची गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असे लिहून येते. या वाक्यावर मी विश्वास ठेवावा का?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘सगळ्या मलाच फोन करतात’ या शब्दांपाशी थांबले. अकरा घरांनी आपले कागद तुमच्या हाती दिले आहेत आणि तुमची झोप स्वतःच्या फोनपायी उडालेली नाही, हे त्या एका वाक्यातून कळते.

आधी तातडीचे. जिचे पैसे गेले तिने १९३० या ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर आणि बँकेत लेखी तक्रार केली का, ते पत्रात नाही. केली नसेल तर महिना उलटला म्हणून सोडून देऊ नका. अशा चोरीत पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच ते मध्ये गोठवता येतात. ती संधी बहुधा गेली आहे, पण तक्रारीची नोंद आणि बँकेची पोच तिच्या हातात असलीच पाहिजे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला तोशीस लागत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. तेव्हा यापुढे गटात कोणाचेही असे झाले तर नातेवाइकांना विचारण्याआधी १९३० लावावा, हे सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

ती फाईल ‘एपीके’ असणार. तो फोटो नसतो आणि अर्जही नसतो. ते एक अख्खे ॲप असते, जे गुगलच्या प्ले स्टोअरच्या दारातून न येता मागच्या दाराने येते. ते उघडले की फोन आधी अडवतो, ‘अनोळखी ठिकाणचे ॲप आहे, बसवू का’ असे विचारतो. तिथे ‘हो’ म्हटले की ते मेसेज वाचण्याची आणि बहुतेक वेळा ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मागते. ही दुसरी सोय खरे तर दृष्टी अधू असलेल्या माणसांसाठी आहे, कारण तिच्यामुळे ॲपला पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि तुमच्याऐवजी बटणेही दाबता येतात. चोराला याहून अधिक काही लागत नाही. बँकेचा ओटीपी आला की तो वाचतो, पुढे पाठवतो, आणि तीच फाईल तुमच्या नावाने ग्रुपवर टाकतो. जिच्या नंबरवरून फाईल आली ती बाई खरेच बोलत आहे. तिच्यावर कोणी ठपका ठेवला असेल तर तो मागे घ्या. तिचा फोन आणि ज्यांनी फाईल उघडली त्या दोघींचे फोन, असे तिन्ही फोन फोटो व नंबर दुसरीकडे उतरवून घेऊन पूर्ण ‘रीसेट’ करावेत, म्हणजे आतले सगळे पुसून कोरे करावेत, बँकेचे पिन त्याआधीच दुसऱ्या चांगल्या फोनवरून बदलावेत, आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावावा.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘तुमची गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे वाक्य खरे की खोटे, असे विचारून हाती काही लागत नाही, कारण ती गोपनीयता कोणापासून राखायची ते त्यात लिहिलेले नसते.

तुमच्याकडे केळी आहे म्हणून बागेचेच उदाहरण घेते. समजा, विहिरीवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जाऊ लागल्या म्हणून तुम्ही जागलीला एक माणूस ठेवला. माणूस मेहनती आहे, रात्रभर जागतो, त्याच्यामुळे चोर बांधावर पाय ठेवत नाही आणि त्याने स्वतः कधी एक फणीसुद्धा तोडलेली नाही. मात्र तुम्ही त्याला फारसे काही देत नाही. त्याचा खरा पगार गावात येणारा व्यापारी देतो. त्या बदल्यात बागेत घड किती आहेत, माल कोणत्या आठवड्यात कापणीला येणार आहे, आणि मुलीचे लग्न तोंडावर आल्यामुळे घरात पैशांची किती नड आहे, हे सगळे तो व्यापाऱ्याच्या कानावर घालतो. व्यापारी तुमच्याशी भाव करायला बसतो तेव्हा तुमची नड त्याला आधीच ठाऊक असते. या राखणदारावर चोराच्या बाबतीत विश्वास ठेवावा का? अवश्य ठेवावा. बागेतली गोष्ट तो पोटात ठेवील, असा विश्वास मात्र ठेवू नये.

मोबाईल आणि इंटरनेटच्या धंद्यात या दोन गोष्टींना सुरक्षा आणि गोपनीयता अशी दोन नावे आहेत, आणि जाहिरातीत त्या मुद्दाम एका दमात उच्चारल्या जातात. परक्या चोरापासून राखणे ही सुरक्षा. इथे कंपनीचे आणि तुमचे हित एकाच बाजूला असते. फोनमध्ये चोर शिरला तर नाव तिचेच खराब होते, म्हणून त्यासाठी ती पैसा ओतते, मोठी माणसे नेमते आणि तिच्या मालात चूक शोधून दाखवणाऱ्याला बक्षीसही देते. खुद्द कंपनीपासून, आणि ती ज्यांना माहिती विकते किंवा वापरू देते त्यांच्यापासून राखणे ही गोपनीयता. ज्या कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर चालते, तिथे दोघांचे हित समोरासमोर उभे असते. तुमचे दीर आणि तुमचा भाचा दोघेही अर्धे बरोबर आहेत, ते याच कारणाने.

सुरक्षेच्या बाबतीत कंपनीने आपले काम केले तरी ते आपल्यापर्यंत पोहोचले पाहिजे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने सुमारे दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद केले आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्यावर संकट आले. फोनचे दुखणे याहून गुंतागुंतीचे आहे. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ म्हणून ओळखले गेलेले मोठे भगदाड सापडले, ज्यातून नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता येत होते, आणि त्यानंतर गुगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या काढण्याचा शिरस्ता पाडला. पण गुगलची दुरुस्ती बहुतांशी थेट तुमच्या हातातल्या फोनवर येत नाही. ती आधी फोनच्या कंपनीकडे जाते, ती कंपनी आपल्या त्या विशिष्ट मॉडेलसाठी ती तयार करते, आणि साडेनऊ हजारांच्या चार वर्षे जुन्या मॉडेलसाठी तेवढे कष्ट घेणे तिला परवडेनासे होते. कोणी गुन्हा केलेला नसतो, कोणी खोटेही बोललेले नसते. फोन फक्त हळूहळू उघडा पडत जातो.

हे लिहिताना मी कपाटातला माझा जुना फोन काढून पाहिला. घरी तो अजून भजने ऐकायला वापरतात. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात अँड्रॉइडची आवृत्ती, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख दिसली : ५ मार्च २०२२. वर ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ असे हिरव्या खुणेसह लिहिलेले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, कारण त्या फोनसाठी नवे काही येणारच नव्हते. ही खूण पाहून निर्धास्त राहणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून आग्रहाने सांगते की खुणेकडे पाहू नका, तारखेकडे पाहा. तुमच्या फोनवरची तारीख एक वर्षाहून जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचे ॲप आणि अकरा जणींचे कागद दोन्ही ठेवू नयेत.

नवा फोन घ्यायची वेळ आली, तर जळगावच्या किंवा चोपड्याच्या दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी ‘याला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील’ हे विचारा, आणि दुकानदार काही सांगो, कंपनीच्या संकेतस्थळावर ते भाच्याला पाहायला लावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल ८ फोनला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस २४ ला सात वर्षांचे वचन दिले, ते महागडे फोन आहेत. पण स्वस्त फोनांतही काही कंपन्या आता चार किंवा त्याहून अधिक वर्षांचे लेखी आश्वासन देतात. युरोपात जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांना किमान पाच वर्षे अपडेट देणे कायद्याने भाग पाडले आहे. आपल्याकडे खोक्यावर ही तारीख छापलेली नसते आणि ती छापलेली असावी, असे मला मनापासून वाटते. बियाण्याच्या पिशवीवर मुदत लिहिलेली असते, मग ज्या वस्तूत घरची सारी पुंजी राहते तिच्यावर का नसावी?

गोपनीयतेच्या बाबतीत दोन प्रकरणे सांगते, कारण तुमच्या दिरांच्या बोलण्यात जे सत्य आहे ते त्यांतून नेमके दिसते. ट्विटरने २०१३ ते २०१९ या काळात ‘खाते सुरक्षित राहावे म्हणून तुमचा फोन नंबर द्या’ असे सांगून लोकांकडून नंबर आणि ईमेल घेतले आणि तेच जाहिराती नेमक्या माणसापर्यंत पोहोचवायला वापरले. अमेरिकी सरकारने मे २०२२ मध्ये त्यासाठी कंपनीकडून १५ कोटी डॉलरचा दंड घेतला. त्या नंबरांमुळे खाती सुरक्षित झाली नाहीत असे नाही; ती झालीच. चोरापासूनची राखणही खरी होती आणि व्यापाऱ्याला दिलेली बातमीही खरी होती. दुसरे प्रकरण गुगलचे आहे. २०१८ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिले की ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केल्यावरही माणूस कुठे गेला याची नोंद होत राहते, कारण ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ नावाचे दुसरे बटण वेगळ्या ठिकाणी चालूच असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील ४० राज्यांशी तडजोड करताना कंपनीला ३९ कोटी १५ लाख डॉलर मोजावे लागले. ते दुसरे बटण तुमच्याही फोनमध्ये आहे. गुगल खात्याच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’ या भागात जाऊन ते बंद करा, किंवा निदान जुनी नोंद तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असे करून ठेवा.

व्हॉट्सॲपबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, पण गटाचा सगळा व्यवहार त्यावरच चालतो. २०१६ पासून त्यावरचे मेसेज अशा कुलपात जातात की त्याची किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते. मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण त्यामागची पद्धत जगभरच्या तज्ज्ञांनी तपासलेली आहे. पण तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, हे पाकिटावरच्या पत्त्यासारखे कंपनीला दिसते. २०२१ मध्ये कंपनीने आपल्या अटी बदलून वापरकर्त्यांना ‘मान्य करा, नाहीतर सोडा’ अशा पेचात टाकले, त्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. शिवाय गुगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप त्या कुलपात आपोआप येत नाही. २०२१ पासून तशी सोय आहे, पण ती आपल्याला स्वतः चालू करावी लागते. आणि फोनमध्येच चोर बसला असेल तर कुलपाचा उपयोग नाही, कारण तुम्ही पेटी उघडून वाचता तेव्हा तोही खांद्यावरून वाचतो. तुमच्या मैत्रिणीचे नेमके तेच झाले.

फोन बोलणे ऐकतो का? दिरांना सांगा की जाहिरातींसाठी फोन चोवीस तास कान देऊन बसतो, याचा पुरावा सापडलेला नाही. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली, तेव्हा गुपचूप आवाज रेकॉर्ड करून पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही. काही ॲप्स पडद्याचे चित्रण मात्र बाहेर पाठवत होती. ऐकण्याची गरजच पडत नाही. ठिबकच्या नळ्या पाहायला तुम्ही दुकानात गेलात, यजमानांनी त्याच संध्याकाळी त्यांचे भाव शोधले, दोघांचे फोन एकाच वायफायवर असतात, एवढे पुरते. दिरांची भीती खोटी नाही, तिचे बोट चुकीच्या जागी आहे. माइकवर पट्टी चिकटवून उपयोग नाही. विजेरीच्या किंवा भजनाच्या ॲपला तुमचे नंबर, लोकेशन आणि मेसेज कशाला हवेत, हे पाहून त्या परवानग्या काढून घेतल्या तर उपयोग आहे. झटपट कर्ज देणारी ॲप्स तर नंबरांची यादी घेऊन नंतर नातेवाइकांना फोन करून अब्रू घालवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे नंबर, कॉलची यादी आणि फोनमधल्या फाईली पाहण्याची मनाई आहे. मागितल्या तर ते ॲप त्याच क्षणी काढून टाकावे, ही गोष्ट गटातल्या प्रत्येकीच्या कानावर गेली पाहिजे.

भाच्याच्या आयफोनविषयी. आयफोन बनवणारी ॲपल कंपनी प्रामुख्याने वस्तू विकून कमावते, म्हणून आपली माहिती जमवण्याची तिला गरज इतरांपेक्षा कमी आहे, आणि तिचे अपडेट सगळ्या फोनांवर एकाच वेळी आणि अनेक वर्षे येतात. २०१६ साली एका गुन्ह्याच्या तपासात अमेरिकी तपास यंत्रणेने फोन उघडण्यासाठी खास सॉफ्टवेअर मागितले, तेव्हा तिने नकार दिला होता. पण त्याच कंपनीच्या ‘सिरी’ या आवाजी मदतनीसाने चुकून टिपलेली घरगुती बोलणी कंत्राटी माणसे तपासणीसाठी ऐकत होती, हे २०१९ मध्ये उघड झाले आणि कंपनीला माफी मागून पद्धत बदलावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर तिने त्या देशातली आपली सर्वांत कडक कुलपाची सोय नव्या ग्राहकांसाठी बंद केली. म्हणजे वचन देणाऱ्याची नियत चांगली असली तरी सरकारच्या दबावाखाली ते बदलू शकते. भाचा स्वतः घेऊन देत असेल तर आनंदाने घ्या. गटाच्या किंवा केळीच्या पैशांतून कर्ज काढून घेऊ नका. अपडेट मिळणारा पंधरा हजारांचा अँड्रॉइड फोन, कडक लॉक आणि एपीके न उघडण्याची सवय, एवढ्याने तुमचे काम भागेल.

‘तक्रार कोणाकडे करायची’ याचेही उत्तर आता थोडे तरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो, ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात पडत नाही. ही उणीव मला खुपते. त्यातली एक तरतूद मात्र आपल्या फार कामाची आहे : संमती मागणारी सूचना मराठीतही वाचण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागणार आहे. आजवर आपण सगळ्यांनीच न वाचता ‘आय ॲग्री’ दाबले, कारण वाचण्यासारखे समोर काही ठेवलेलेच नव्हते.

कंपन्यांच्या पलीकडची एक गोष्ट सांगते, जी मी स्वतः अनुभवली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या फोनचा डिस्प्ले फुटला म्हणून मी तो एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकानदाराने लॉक विचारले, मी सांगितले. त्याने फोनच्या पाठीवर कागदी टेपची पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पेनाने माझे नाव, ‘डिस्प्ले’ हा शब्द आणि माझे चार आकडे लिहिले. संध्याकाळी घ्यायला गेले तेव्हा तो फोन तशा पट्ट्या लावलेल्या आणखी आठ-दहा फोनांबरोबर काउंटरवरच्या ट्रेमध्ये उघडा पडलेला होता, आणि मी तिथे उभी होते तेवढ्या वेळात चार अनोळखी माणसांनी त्या ट्रेवरून नजर फिरवली. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने दिलेले कुलूप मी स्वतःच्या तोंडाने उघडून दिले होते. डिस्प्ले बदलायला लॉकची गरज नसते. चालतो की नाही हे आपण समोर उभे राहून उघडून दाखवू शकतो, आणि आता बऱ्याच फोनांत दुरुस्तीसाठी ‘मेंटेनन्स मोड’ही असतो, ज्यात आपली माहिती झाकलेली राहते.

आता त्या अकरा जणींचे कागद. ताई, कंपनी तुमच्यासाठी जी आहे, तीच त्या अकरा जणींसाठी तुम्ही आहात. तुमची नियत स्वच्छ आहे यात मला शंका नाही, परंतु कंपनीला जे प्रश्न विचारायचे तेच इथेही विचारावे लागतील : कोणता कागद कशासाठी घेतला, काम झाल्यावर तो का राहिला, आणि तुमचा फोन हरवला किंवा घरातल्या मुलाने खेळायला घेतला तर तो कोणाकोणाच्या नजरेस पडेल. सहा वर्षांपूर्वीच्या मंजूर होऊन फिटलेल्या कर्जाचे फोटो आज फोनमध्ये असण्याचे काहीच कारण नाही.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत सगळ्यांसमोर फोन काढून बसा. प्रत्येकीला तिचे कोणते कागद तुमच्याकडे आहेत ते दाखवा, चालू कामाला लागणारे तेवढे ठेवा आणि बाकीचे तिच्या देखत पुसून टाका. गॅलरीतून पुसले की काम झाले असे समजू नका. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत साठ दिवस पडून असतो, तेव्हा तीही रिकामी करा, आणि व्हॉट्सॲपवर ज्या चॅटमधून तो आला तिथूनही काढा. जे ठेवाल ते फोनच्या ‘लॉक्ड फोल्डर’मध्ये ठेवा. यापुढे बँक आग्रह धरत नसेल तिथे मास्क केलेले आधार घ्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून जिचे तिला उतरवता येते. ज्या बायका अंगठा लावून गावातच पैसे काढतात, त्यांना आधारच्या ॲपमधून बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते हेही सांगा, मात्र पैसे काढायच्या वेळी ते तात्पुरते उघडावे लागते आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईला ते जमणार नसेल तर तिच्यावर लादू नका.

गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत शेवटचे एक पान यासाठी राखून ठेवा : कोणाचा कोणता कागद, कशासाठी, कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या तारखेला पुसला, आणि समोर तिची सही किंवा अंगठा. पहिली नोंद तुमच्या स्वतःच्या आधार कार्डाची करा आणि वही सगळ्यांत फिरू द्या.